पाणी सुटलं की नेट जातं: येणाऱ्या-जाणाऱ्या इंटरनेटचा माग

नेट पूर्ण बंद पडलं तर काय करायचं ते तरी कळतं. तक्रार नोंदवायची, लाइनवाला येतो, तुटलेली तार जोडतो, विषय मिटतो. जीव खातं ते येणारं-जाणारं नेट. दोन मिनिटं जातं, पुन्हा येतं, आणि लाइनवाला दारात उभा राहतो तेव्हा नेमकं झकास चालू असतं. तो म्हणतो, "ताई, चालू तर हाय की." मग आपल्याकडे बोलायला काही उरत नाही.

माझ्याकडे हे फेब्रुवारीपासून चाललं होतं. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहते आणि घरूनच हिशेबाचं काम करते. उद्यमनगरातल्या काही छोट्या कारखान्यांची जीएसटीची रिटर्न माझ्याकडे असतात. ११ आणि २० या रिटर्नच्या शेवटच्या तारखा जवळ आल्या की पोर्टल रेंगाळतं, म्हणून मी पहाटे उठून बसायची सवय लावून घेतली. आकडे भरून झाले, ओटीपी मागवला, आणि तेवढ्यात नेट गेलं की पुन्हा लॉगिनपासून सुरुवात. लोकांचा दंड वाचवायचं काम आपण अंगावर घेतलेलं असतं, त्यामुळे अशा वेळी हात थरथरतात.

शेवटी कारण सापडलं. एक नव्हतं, तीन होती, आणि तिन्ही एकमेकांत मिसळल्यामुळे एकही ओळखू येत नव्हतं. तुमच्या घरातलं कारण वेगळं असेल, पण माग काढायची रीत तीच आहे. ती मला कुणी आधी सांगितली असती तर माझे तीन महिने वाचले असते.

आधी वही घाला

पहिला महिना मी एकच करत होते: नेट गेलं की राउटर बंद-चालू. त्यानं नेट येतं खरं, पण ते कशामुळे गेलं होतं याचा पुरावाही त्याच क्षणी पुसला जातो. दुसरी चूक त्याहून मोठी. एका रविवारी मी डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय) बदललं, वायफायचा चॅनेल बदलला, ड्रायव्हर नवा टाकला, सगळं एकाच संध्याकाळी. दोन दिवस नेट चांगलं चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलं. यातलं कशानं दोन दिवस बरे गेले, की ते आपोआपच बरे गेले, काही पत्ता नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग निदान तीन-चार दिवस थांबायचं, हा नियम मी त्यानंतर पाळला.

मग एक शंभर पानी वही घेतली. नेट गेलं की तारीख, वेळ, किती मिनिटांनी आलं, त्या वेळी राउटरवरचे दिवे कसे होते, आणि मोबाइलवर नेट चालू होतं का. मोबाइल पाहताना त्याचा स्वतःचा डेटा बंद करून फक्त वायफायवर पाहायचं. नाहीतर मोबाइल गुपचूप सिमकार्डावर जातो आणि आपल्याला वाटतं वायफाय चालू आहे. या एका गोष्टीनं मला आठवडाभर चकवलं.

मोबाइलची नोंद महत्त्वाची का, तर तिथंच अर्धा निवाडा होतो. मोबाइलवर वायफायनं नेट चालू आहे आणि कॉम्प्युटरवर नाही, तर लाइनवाल्याला बोलावून उपयोग नाही. दोष आपल्या कॉम्प्युटरमध्ये आहे. दोन्हीकडे गेलं तर राउटर किंवा त्याच्या पलीकडची लाइन.

दोन काळ्या खिडक्या

राउटर की लाइन, हे ठरवायला विंडोजमधलीच कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी पुरते. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. आधी आयपीकॉन्फिग ही कमांड द्या आणि डिफॉल्ट गेटवे या ओळीपुढचा आकडा बघा. तो तुमच्या राउटरचा घरातला पत्ता. बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मग पिंग, स्पेस, तो पत्ता, स्पेस, डॅश, टी. एंटर मारलं की दर सेकंदाला त्या पत्त्याकडून आलेल्या उत्तराची एक ओळ पडत राहते. आता दुसरी काळी खिडकी उघडून तेच करायचं, पण पत्ता ८.८.८.८ असा. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, एरवी कायम उत्तर देणारा. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून आपलं काम करत राहायचं.

नेट गेलं की नजर आधी राउटरच्या खिडकीकडे टाका. तिथं उत्तरं नीट येत असतील, म्हणजे एक-दोन, फार तर पाच मिलिसेकंद, आणि ८.८.८.८ च्या खिडकीत "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" पडत असेल, तर घरातलं सगळं ठीक आहे, लाइन गेली आहे. दोन्ही खिडक्या गप्प झाल्या तर दोष कॉम्प्युटर ते राउटर या घरातल्याच टप्प्यात. दोन्हीकडे उत्तरं येतात पण वेबसाइट उघडत नाहीत, तर डीएनएसचा संशय घ्या. "जनरल फेल्युअर" असं आलं तर बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या स्वतःच्या नेटवर्क कार्डानंच मान टाकलेली असते. आणि आयपीकॉन्फिगमध्ये तुमचा पत्ता १६९.२५४ नं सुरू झालेला दिसला, तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही.

थांबवताना कंट्रोल आणि सी एकत्र दाबा, किती निरोप गेले किती परत आले याचा हिशेब खाली येतो. पाचशेत एखाद-दुसरा हरवला तर वायफायवर ते चालतं. पण सलग तीस-चाळीस ओळी हरवणं म्हणजे खरी तूट, तीच वहीत लिहायची.

आत्यांनी पकडलेला चोर

दहा दिवसांची वही झाली तेव्हा एक ढीग स्पष्ट दिसला. सकाळी ६ वाजून ५ मिनिटं ते साडेसहा, जवळजवळ रोज. दोन्ही खिडक्या गप्प. म्हणजे दोष घरातला. मी वायफायला दोष देत होते, म्हणून तीस फुटांची लॅन केबल आणून कॉम्प्युटर थेट राउटरला जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेट गेलं ते गेलंच, वर विंडोजनं "नेटवर्क केबल अनप्लग्ड" असा निरोप दिला. केबल तर जागेवर घट्ट होती, मी बोटानं चाचपून पाहिली.

चहाच्या वेळी मी वही वाचत होते. "सहा दहा, सहा बारा, सहा आठ." सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, तांब्या घासता घासता म्हणाल्या, "अगं, ते पाण्याचं टाइम हाय की. मी मोटर लावली की तुझ्या त्या डबड्याचे दिवे सगळे इजत्यात आन् परत लागत्यात. मी रोज बघतो."

आमच्याकडे सकाळी नळाला पाणी येतं. गल्लीत सगळ्यांच्या मोटरा एकदमच सुरू होतात. आमच्या मोटरचं बटण पुढच्या खोलीत दाराजवळ आहे आणि राउटरही तिथंच, कारण बाहेरून तार तिथून आत येते. मी मागच्या खोलीत बसते, माझा कॉम्प्युटर यूपीएसवर. त्यामुळे माझ्या स्क्रीनवर पापणीही लवायची नाही, आणि पुढं राउटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होत असायचा. तो पूर्ण उठून लाइन धरायला अडीच-तीन मिनिटं घेतो. केबल अनप्लग्डचा निरोप त्याचाच होता. राउटरचा वीजपुरवठा गेला की कॉम्प्युटरला केबलचं पलीकडचं टोक मोकळं आहे असंच वाटतं.

आत्यांचं म्हणणं तपासायला राउटरचं आतलं पान उघडलं. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी तोच गेटवेचा आकडा टाकला की ते उघडतं, पासवर्ड बहुधा राउटरच्या पोटावर चिकटवलेला असतो. तिथं स्टेटस किंवा डिव्हाइस इन्फोमध्ये "अपटाइम" असतं, राउटर सुरू होऊन किती वेळ झाला ते. सकाळी साडेसहाला त्यात दिसत होती तेरा मिनिटं. रात्रभर चालू असलेल्या राउटरला तेरा मिनिटं! तुमचं नेट गेलं की हा आकडा पहिल्यांदा बघा. तो शून्याकडे आला असेल तर दोष विजेचा किंवा राउटरचा आहे, लाइनचा नाही.

आता मोटरनं राउटर का बंद पडावा? मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. तेवढ्यापुरतं घरातलं व्होल्टेज खाली येतं. धड ॲडॅप्टर अशी डुबकी सहज पचवतो, त्याच्या आतला कपॅसिटर तेवढा क्षण वीज पुरवतो. पण वर्षानुवर्षं चोवीस तास तापत राहिलेल्या ॲडॅप्टरचे कपॅसिटर सुकतात. मग तो एरवी चालतो, डुबकी आली की कोलमडतो. माझा ॲडॅप्टर पाच वर्षांचा होता आणि हात लावला तर चहाच्या कपासारखा गरम लागायचा. ओळखीच्या इलेक्ट्रिशियन दादांनी मल्टिमीटर लावून पाहिला तेव्हा १२.१ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे अगदी बरोबर. इथं फसू नका. नुसता ॲडॅप्टर मोजला तर बरोबरच दिसतो, राउटरचं ओझं पडल्यावर आणि मोटर लागताना तो किती टिकतो हा प्रश्न आहे.

खात्री करायला मी राउटर दोन दिवस माझ्या कॉम्प्युटरच्या यूपीएसवर घेतला. दोन्ही सकाळी नेट गेलं नाही. मग नवा ॲडॅप्टर आणला. तो आणताना जुन्याच्या पोटावरचं वाचून घ्या: व्होल्ट तेवढेच पाहिजेत, माझ्याकडे १२. ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नकोत. पिनेची जाडी आणि अधिक-उण्याची खूण जुळली पाहिजे. दादांनी मोटरची आणि राउटरची जोडणीही वेगळी करून दिली, कारण दोन्ही एकाच जुन्या बोर्डावर होती आणि तिथला सॉकेट सैल झाला होता. बोर्डाच्या आत मात्र स्वतः हात घालू नका. ज्यांच्याकडे वीज वरचेवर जाते त्यांनी राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घ्यावा, मोटरच्या झटक्यालाही तो उपयोगी पडतो.

कॉम्प्युटर स्वतःच झोपतो तेव्हा

सकाळचा ढीग वहीतून गेला आणि त्याच्याखाली दडलेला दुसरा दिसू लागला. दुपारी जेवून परत आले की नेट नाही. मोबाइलवर चालू, राउटरचं अपटाइम काही दिवसांचं. म्हणजे फक्त कॉम्प्युटर. मी परत वायफायवर आले होते, पुढच्या खोलीपर्यंत केबल पसरून ठेवणं घरात कुणाला परवडत नव्हतं.

विंडोज वीज वाचवायला वायफाय कार्ड झोपवतं आणि काही कार्डं त्या झोपेतून नीट उठत नाहीत. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडॅप्टर्समध्ये तुमच्या वायफाय कार्डावर दोनदा क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये पहिलीच चौकट असते, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी. तिच्यातली खूण काढा. काही मशिनवर तो टॅबच दिसत नाही. तिथं कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड यादीत वायरलेस ॲडॅप्टरची सेटिंग शोधून "मॅक्झिमम परफॉर्मन्स" करायची. माझ्याकडे एवढ्यानंच काम झालं.

याची खात्री करायला विंडोजमध्ये फार कमी लोकांना माहीत असलेली एक सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट अशी कमांड दिली की गेल्या तीन दिवसांत वायफाय केव्हा जोडलं, केव्हा तुटलं आणि का तुटलं याचा आलेखासकट अहवाल तयार होतो. नेटशचं स्पेलिंग एन, ई, टी, एस, एच; डब्ल्यूलॅनचं डब्ल्यू, एल, ए, एन. अहवाल कुठं ठेवला ते खिडकीतच लिहून येतं, ब्राउझरमध्ये उघडा. तुटल्याच्या जागी लाल खुणा असतात. त्या वेळा तुमच्या वहीशी ताडून बघा.

पेठेतल्या घरांसाठी दोन गोष्टी सांगते. आमच्याकडे भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरला सोळा वायफाय दिसतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. राउटर यांच्यातल्या कमी गर्दीच्या चॅनेलवर ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, तेव्हा जेवण गरम करताना नेट अडखळत असेल तर कारण तिथं आहे. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण जुन्या वाड्याच्या दीड-दोन फुटी भिंतींतून तो सिग्नल जेमतेम बाहेर पडतो. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावानं देत असेल तर कॉम्प्युटर या-त्या पट्ट्यात उड्या मारत राहतो आणि दर उडीला तुटतो. तपासणीपुरती दोघांना वेगळी नावं द्या. वायफायसाठी छोटा यूएसबी डोंगल वापरत असाल तर तो कॅबिनेटच्या मागच्या निळ्या यूएसबी पोर्टात खोचू नका. यूएसबी ३ च्या पोर्टाचा आणि तिथं लावलेल्या हार्ड डिस्कचा २.४ गिगाहर्ट्झला त्रास होतो. हातभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टेबलावर उघड्यावर ठेवा.

डीएनएस बदलल्यानं वेबसाइट उघडायला लागणारा विलंब कमी होऊ शकतो, तुटणारी लाइन जुळत नाही. दोन्ही पिंग नीट आणि वेबसाइट बंद, एवढ्याच लक्षणावर तो उपाय करा: ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१.

पाऊस लागला आणि लाइन गेली

जूनच्या शेवटी पाऊस धरला आणि तिसरं दुखणं वर आलं. या वेळी राउटरच्या खिडकीत उत्तरं चोख, ८.८.८.८ गप्प. अपटाइम शाबूत. राउटरवर लाल एलओएसचा दिवा मधूनच लुकलुकायचा. हा दिवा म्हणजे फायबरमधून, नेट आणणाऱ्या काचेच्या तारेतून, प्रकाश पोहोचत नाही. शेजारचा पॉनचा हिरवा दिवा स्थिर पाहिजे, तो लुकलुकत असेल तर राउटर लाइन धरायची धडपड करतोय.

पूर्वीच्या तांब्याच्या तारेवर पावसात खरखर यायची, जोडात पाणी शिरलं की ब्रॉडबँड तुटायचं. फायबरच्या काचेला ओलीचं तसं भय नाही. पण तार खांबावरून, झाडावरून, गच्चीवरून लोंबत आलेली असते, वाऱ्यात हेलकावे खाते, आणि तिचे जोड उघड्यावर असतात. जोडाच्या तोंडाला ओल किंवा धूळ बसली की प्रकाश कमी होतो. तो इतका कमी होतो की लाइन धड मरत नाही, धड जगत नाही.

किती कमी झाला हे तुम्हाला स्वतःला बघता येतं. राउटरच्या त्याच आतल्या पानात ऑप्टिकल इन्फो, पॉन स्टेटस अशा नावाखाली "आरएक्स पॉवर", म्हणजे राउटरपर्यंत पोहोचलेला प्रकाश, हा आकडा डीबीएम या मापात असतो, उणे चिन्हासह. घरगुती फायबरसाठी तो साधारण उणे ८ ते उणे २७ च्या आत पाहिजे. उणे २० च्या आसपास असेल तर निवांत राहा. उणे २६-२७ म्हणजे अगदी काठावर. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो हे लक्षात ठेवलं की आकडा बोलायला लागतो. माझ्याकडे कोरड्या दिवशी उणे २४.१ आणि पाऊस पडत असताना उणे २६.८ यायचा. मी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तो वहीत उतरवला, शेजारी पाऊस होता की नव्हता ते.

लाइनवाला आला त्या दिवशी नेमकं ऊन पडलं होतं आणि नेट चालू होतं. या वेळी मी वही पुढं केली. त्यानं दोन पानं वाचली, काही न बोलता जिना चढून गच्चीवर गेला. पन्हाळीच्या अगदी खाली, जिथं बाहेरची तार घरातल्या तारेला जोडली होती, तिथं नुसती काळी टेप गुंडाळलेली होती. टेप सोडवली तर आतून पाण्याचे थेंब निथळले. तार वळवलीही होती काडेपेटीएवढ्या घडीत. इतकी घट्ट घडी पडली की प्रकाश वळणावरच बाहेर झिरपतो. वाटीच्या तोंडापेक्षा लहान वेटोळं फायबरला कधी घालू देऊ नका, घरात फर्निचर हलवताना तर नाहीच. आणि कनेक्टर स्वतः उघडून त्यात डोकावू नका. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, डोळ्यात मात्र जातो.

त्यानं टोक नव्यानं कापलं, मशिननं जोड मारला, तो झाकणाच्या डबीत घातला आणि डबी पन्हाळीपासून लांब भिंतीला ठोकली. खाली येऊन दोघांनी मिळून पान उघडलं. उणे २०.९. मी तो आकडा आणि ११ जुलै ही तारीख कागदाच्या पट्टीवर लिहून राउटरच्या डोक्यावर चिकटवली. गणपतीच्या आधी मिरवणुकीसाठी गल्लीतल्या लोंबत्या तारा उचलून बांधल्या तेव्हा पुन्हा पाहिलं, उणे २१.२. वहीत ऑगस्टची पानं अजून कोरी आहेत.